पशुवैद्यकाचे विद्यार्थी, दवाखाना आणि जैववैद्यकीय संशोधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पशुवैद्यकाकडे येऊ पाहणारी बारावीची मुलं, कॉलेजातले ज्युनिअर आणि त्यांचे आईवडील मला जे पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र लिहिलं आहे. मी महाराष्ट्रात बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पशुवैद्यकाची पदवी घेतली. शिकत असतानाच सुट्टीत एका जैववैद्यकीय प्रयोगशाळेत काम केलं आणि आता पॅथॉलॉजीत, म्हणजे रोगाने शरीरात काय बदलतं त्या शास्त्रात, पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते विषय मला जवळचे आहेत.

गुरांच्या डॉक्टरचा माणसांच्या औषधांशी काय संबंध?

तुमच्या दंडावर बीसीजीची खूण असेल. ती लस घडवणाऱ्या दोघांपैकी आल्बेर काल्मेत हे माणसांचे डॉक्टर होते आणि कामिय गेरँ हे पशुवैद्य. बीसीजी या नावातला शेवटचा 'जी' गेरँ यांचा आहे. फ्रान्समधल्या लील शहरात त्यांनी गाईच्या क्षयाचा जंतू घेतला आणि बटाटा, पित्त व ग्लिसरीन यांच्या माध्यमावर तो वाढवत ठेवला. दर तीन आठवड्यांनी तो नव्या माध्यमावर घ्यायचा, असं १९०८ ते १९२१ या काळात २३० वेळा केलं. शेवटी जंतूची रोग करण्याची ताकद गेली, पण शरीराला सावध करण्याची राहिली. १९२१ साली ही लस पहिल्यांदा एका बाळाला दिली गेली.

आपल्याकडचंही सांगते. आज बरेलीजवळ इज्जतनगरला असलेली भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था १८८९ साली सुरू झाली ती पुण्यात, 'इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' या नावाने. बुळकांडी या गुरांच्या साथीच्या रोगाने गावंच्या गावं गुरांवाचून ओस पडत होती, म्हणून ती काढली होती. पुढे ती कुमाऊँमध्ये मुक्तेश्वरला हलली. बुळकांडी जगातून संपल्याची घोषणा २०११ मध्ये झाली. देवीनंतर जगातून कायमचा संपवलेला हा दुसराच रोग.

परळमध्ये फिरलात तर हे नातं पायीच कळतं. पशुवैद्यक महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं रुग्णालय एका आवारात. तिथून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर केईएम, टाटा मेमोरियल, प्रजनन आरोग्यावर काम करणारी आयसीएमआरची संस्था आणि हाफकिन संस्था. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत आधी सशांवर तपासली आणि जानेवारी १८९७ मध्ये स्वतःला टोचून घेतली. या सगळ्या इमारतींमधून प्रश्न एकच विचारला जातो: हे शरीर आजारी का पडलं?

प्रवेश कसा मिळतो? किती वर्षं?

बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, शिवाय 'नीट' द्यावी लागते. पंधरा टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषदेमार्फत देशपातळीवर भरतात. राज्याच्या जागा नागपूरचं महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ भरतं. सरकारी महाविद्यालयं परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ अशा ठिकाणी आहेत. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आणि त्यात शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. दर वर्षी माहितीपत्रक बदलतं, म्हणून तारखा आणि आरक्षणाचा तपशील तिथूनच घ्या.

घरचे म्हणतात, 'एमबीबीएस मिळालं नाही म्हणून हे.' काय उत्तर द्यायचं?

भांडू नका. त्यांना एक दिवस जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन जा. ज्या घराचा महिन्याचा खर्च दोन गाईंच्या दुधावर चालतो, त्या घरातल्या आजीचा चेहरा गाय उभी राहिल्यावर कसा होतो ते त्यांना बघू द्या. माझ्या वडिलांचं मत माझ्या कुठल्याच बोलण्याने बदललं नव्हतं, ते तिथे बदललं.

दुसरं असं, की आपला रुग्ण बोलत नाही आणि आपल्याला एकाच वेळी गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, कोंबडी आणि घोडा यांची शरीरं शिकावी लागतात. हे कुणाच्या मागे उरलेलं शिक्षण नाही.

कॉलेजला जायच्या आधीच अनुभव घेता येतो का?

येतो आणि घ्यावा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातले पशुधन विकास अधिकारी, शहरात कुत्र्यामांजरांचं क्लिनिक चालवणारे डॉक्टर, भटक्या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था, यांच्यापैकी कुणाकडेही जाऊन विचारा: 'सर, मी बाजूला उभं राहून बघू का?' बहुतेक जण हो म्हणतात.

फक्त एक मर्यादा कायद्याचीच आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ चा आहे आणि त्यानुसार उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यालाच आहे. विद्यार्थ्याने जनावर धरावं, ताप मोजावा, नोंद करावी, सामान धुवावं. चार दिवस बघून गावात इंजेक्शनं टोचत फिरणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यात जनावराचं नुकसान होतं आणि शिकण्याची वाटही बंद होते.

दवाखान्यात पहिल्या दिवसांत नेमकं काय बघायचं?

हात लावायच्या आधी लांबून बघा. जनावर कसं उभं आहे, चारही पायांवर सारखं वजन देतं आहे का, रवंथ करतं आहे का, कान कुठे आहेत, नाकपुड्या ओल्या आहेत की कोरड्या, शेण कसं पडलं आहे. श्वास मोजायचे तेही लांबूनच, कारण अनोळखी माणूस जवळ आला की श्वास वाढतात. मग डाव्या कुशीत, बरगड्यांच्या मागच्या खळग्यात मूठ दाबून ठेवा. निरोगी गाईत दोन मिनिटांत दोन-तीन वेळा कोठीपोट, म्हणजे पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा, मुठीला वर ढकलतं. पाठ्यपुस्तकात हे एक वाक्य असतं. मुठीखाली ती लाट येते तेव्हा ते आयुष्यभर लक्षात राहतं.

एक प्रसंग जरा सविस्तर सांगते. सरांबरोबर एका वस्तीवर गेलो होतो. चौथ्या वेताची संकरित गाय आदल्या रात्री व्यायली होती आणि सकाळपासून उठत नव्हती. मान कुशीकडे वळवून बसलेली, कान हाताला गार, नाक कोरडं. थर्मामीटर ९९ च्या वर जाईना, गाईचं नेहमीचं तापमान १०१.५ फॅरनहाइटच्या आसपास असताना. घरातली आजी गाईच्या डोक्याशी बसून होती. 'म्याडम, उठंल का हो ती?' असं तिने मला विचारलं. मी तेव्हा कुठली म्याडम, नुसती विद्यार्थिनी.

सरांनी मला विचारलं, 'काय दिसतंय?' मी तीन गोष्टी सांगितल्या. ते म्हणाले, 'आता या तिन्ही एका धाग्यात ओव.' व्यायल्याबरोबर कासेत चीक भरतो आणि रक्तातलं कॅल्शियम तिकडे ओढलं जातं. हाडांतून ते तेवढ्या वेगाने सुटत नाही आणि कॅल्शियमवाचून स्नायू आकुंचन पावत नाहीत. म्हणून पाय उचलत नाहीत, पोट हलत नाही, हृदयाचे ठोके क्षीण पडतात, कान गार पडतात. याला दुग्धज्वर म्हणतात.

कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची बाटली कोमट करून मानेच्या शिरेतून सोडली, अगदी सावकाश. सरांनी स्टेथोस्कोप माझ्या कानात घातला आणि ठोके ऐकत राहायला सांगितलं. लय बिघडली की लगेच सांगायचं, कारण कॅल्शियम घाईने गेलं तर हृदय थांबू शकतं. बाटली अर्धी झाली तशी गाईच्या अंगावर थरथर उठली. मग ढेकर आली, मग शेण टाकलं. बाटली संपल्यावर थोड्या वेळाने तिने मागचे पाय आधी उचलले आणि उभी राहिली.

जीवरसायनशास्त्रातलं कॅल्शियमचं प्रकरण मी त्या आठवड्यात पुन्हा वाचलं आणि पहिल्यांदा ते मला समजलं. संशोधनाची ओढ लागली ती तिथे. काही गाईंची हाडं वेळेवर कॅल्शियम सोडतात आणि काहींची सोडत नाहीत, हे का, हा प्रश्न डोक्यातून जाईना.

मुलींना मोठ्या जनावरांचं काम जमतं का?

जमतं. पाचशे किलोच्या गाईपुढे साठ किलोचा पुरुष आणि पन्नास किलोची मुलगी यांच्यात फार फरक उरत नाही. काम दोर, खोडा आणि शांतपणा करतात. रूफच्या पद्धतीत गाईच्या गळ्याला, छातीला आणि पोटाला दोराचे वेढे घेऊन दोन-तीन जणांनी मागे एकसारखा ताण दिला की गाय आपसूक खाली बसते. हिसके दिले तर बसत नाही. अडचण येते ती दुसरीकडून: गोठ्यावर गेल्यावर 'डॉक्टर कुठायत?' असं विचारतात. पहिलं जनावर बरं झालं की तो प्रश्न त्या घरात पुन्हा येत नाही.

काम सुरू करण्याआधी कोणत्या लसी घ्याव्यात?

रेबीजची, आणि ती चावा बसायची वाट न बघता. चावण्याआधीच्या लसीकरणाचे डोस साधारण ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी देतात. तुमचे डॉक्टर वेळापत्रक ठरवतील. लस घेतली असली तरी चावा बसल्यावर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि पुढचे डोस घ्यायचेच. रेबीज फक्त कुत्र्यापासून होतो असं समजू नका. लाळ गाळणारी, हंबरून घसा बसलेली म्हैस तपासताना 'घशात काही अडकलं असेल' म्हणून उघडा हात तोंडात घालू नये. धनुर्वाताचं इंजेक्शन चालू ठेवा.

ब्रुसेल्ला हा गुरांना गाभडवणारा आणि माणसालाही आजारी पाडणारा जंतू. त्यासाठी माणसांना लस नाही, म्हणून तिथे हातमोजेच आपलं संरक्षण. गाभडलेली गाय, अडकलेला जार, मेलेलं वासरू, यांना उघड्या हाताने शिवायचं नाही, गडबड कितीही असो. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना देतात त्या ब्रुसेल्लाच्या लसीत जिवंत जंतू असतो आणि ती सुई स्वतःला टोचली तर माणसालाही आजार होऊ शकतो. टोचलीच तर लपवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

संशोधन खरंच गोठ्यापर्यंत पोहोचतं का? की पेपरातच राहतं?

याला माझं आवडतं उत्तर गिधाडांचं आहे. १९९० च्या दशकात भारतातली गिधाडं झपाट्याने दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या पंधराएक वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त घटली. मुंबईत डुंगरवाडीवर पारशी समाजाचे अंत्यविधी पिढ्यान्‌पिढ्या गिधाडांवर अवलंबून होते, तिथेही ती येईनाशी झाली. विषाणू असेल, कीटकनाशक असेल, असे तर्क चालू होते.

पाकिस्तानात लिंडसे ओक्स या अमेरिकी पशुवैद्यकीय सूक्ष्मजीवतज्ज्ञाच्या गटाने मेलेल्या गिधाडांचं शवविच्छेदन केलं. पुष्कळ पक्ष्यांच्या आतल्या अवयवांवर पांढरा, खडूसारखा थर होता. तो युरिक आम्लाचा होता, म्हणजे मूत्रपिंडं निकामी झाली होती. विषाणू सापडेना, जड धातू सापडेनात, कीटकनाशकं सापडेनात. मग त्यांनी तिथल्या पशुवैद्यांना आणि औषधविक्रेत्यांना साधा प्रश्न विचारला: गुरांना कोणती औषधं देता? त्या यादीतलं मूत्रपिंडाला घातक ठरू शकणारं नाव एकच होतं, डायक्लोफेनॅक. सुजेवर, लंगडण्यावर सर्रास दिलं जाणारं. औषध दिलेल्या गुराचं मांस खाणारी गिधाडं त्याच तऱ्हेने मेली. हे २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या उत्पादनावर बंदी आणली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये त्या इंजेक्शनचं पॅकिंग ३ मिलिलिटरच्या एका डोसापुरतं मर्यादित केलं. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे हे तपासून झालं होतं, म्हणून पशुपालकाच्या हाती पर्याय राहिला.

हा सगळा शोध कुठून निघाला बघा. कुणीतरी मेलेला पक्षी उघडला, पांढरा थर दिसल्यावर तो पुसून पुढे गेला नाही, आणि औषधाच्या दुकानदाराशी बोलायला कमीपणा मानला नाही. मी पॅथॉलॉजी निवडली त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर लम्पी. २०२२ मध्ये महाराष्ट्रभर गुरांच्या अंगावर गाठी उठल्या तेव्हा जी लस टोचली ती शेळ्यांच्या देवीची होती. दोन्ही विषाणू जवळचे नातेवाईक आहेत, म्हणून ती चालली. हिसार आणि इज्जतनगरच्या शास्त्रज्ञांनी लम्पीच्याच विषाणूपासून 'लम्पी-प्रोव्हॅक-इंड' ही लस त्याच वर्षी तयार केली.

प्रयोगशाळेतलं अ‍ॅनिमल हाऊस कसं असतं?

अ‍ॅनिमल हाऊस म्हणजे प्रयोगाचे उंदीर वगैरे प्राणी ठेवायची जागा. मी गेले तेव्हा मनात अंधारी, वासाची जागा होती. प्रत्यक्षात बाहेर चपला काढायच्या, गाऊन, टोपी, मास्क, हातमोजे घालायचे आणि मगच दार उघडायचं. आत बावीस अंशांच्या आसपास तापमान, बारा तास उजेड आणि बारा तास अंधार, घड्याळावर लावलेला. रॅकमध्ये पारदर्शक पिंजरे, तळाला मक्याच्या कणसांचा भुगा, निर्जंतुक केलेलं खाद्य आणि पाणी. प्रत्येक पिंजऱ्यावर कार्ड: जात, लिंग, जन्मतारीख, प्रकल्पाचा क्रमांक. अत्तर लावून यायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. हे सोवळं नाही. उंदराला वास आणि आवाज आपल्यापेक्षा कितीतरी तीव्र कळतात आणि घाबरलेल्या उंदराचं रक्तही वेगळे आकडे देतं. पुरुष संशोधकाच्या नुसत्या वासानेही उंदरांवरचा ताण वाढतो, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं आहे. उंदराला शेपटीला धरून उचललं तर तो बिथरतो. नळीतून किंवा ओंजळीत घेऊन उचलला तर बराच शांत राहतो, हेही २०१० मध्ये दाखवलं गेलं.

पंचवीस ग्रॅमच्या उंदराच्या अंगात जेमतेम दोन मिलिलिटर रक्त असतं. एका वेळी त्याच्या दहा टक्क्यांपर्यंतच काढायचं, म्हणजे दोन-चार थेंब. हे ऐकल्यावर नमुना वाया घालवण्याची हिंमतच होत नाही.

दवाखान्यात शिकलेलं मला इथे उपयोगी पडलं. दुखणारा उंदीर ओरडत नाही. पाठीला कुबड काढून बसतो, केस विस्कटलेले, डोळे बारीक, कान मागे. वेदना ओळखण्यासाठी उंदराच्या चेहऱ्याची मोजपट्टीच २०१० मध्ये तयार झाली आहे. पण गोठ्यात 'आधी लांबून बघ' हे ज्याच्या अंगवळणी पडलंय, त्याला पिंजरा न उघडताच कळतं की तिसऱ्या रांगेत काहीतरी बिनसलं आहे. म्हणून माझा आग्रह आहे की संशोधनात जायचं असलं तरी आधी भरपूर जनावरं बघा.

प्राण्यांवर प्रयोग करणं पटतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो यायलाच हवा. मला काय पटलं ते सांगते.

भारतात कुणीही उठून प्रयोग करू शकत नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्याखालची केंद्रीय समिती म्हणजे सीपीसीएसईए, आता तिला सीसीएसईए म्हणतात. प्रत्येक संस्थेत प्राणी नैतिकता समिती लागते. तिच्यात पशुवैद्य असावाच लागतो, बाहेरचा शास्त्रज्ञ लागतो, विज्ञानाबाहेरचा समाजातला माणूस लागतो आणि केंद्रीय समितीचा प्रतिनिधी असतो. 'फॉर्म बी' भरून सांगावं लागतं की प्राणीच का हवेत, एवढेच का, वेदना कशी कमी कराल, प्रयोग कुठे थांबवाल.

यामागचा विचार रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ मध्ये मांडला: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग घ्या, संख्या कमी करा, त्रास कमी करा. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरची चाचणी भारतात २०१४ पासून बंद आहे. नव्या औषधांच्या नियमांत २०२३ मध्ये पेशींवरच्या आणि 'चिपवरचा अवयव' (चिपवर पेशी वाढवून केलेली अवयवाची छोटी नक्कल) यांसारख्या पर्यायी चाचण्यांनाही जागा दिली गेली.

आता माझं मत. पर्याय आहे तिथे प्राणी वापरणं चूक आहे. पण गरजेपेक्षा कमी प्राणी घेऊन निष्कर्षच न निघणारा प्रयोग करणं तितकंच चूक, कारण मग ते सगळे प्राणी फुकट गेले. आणि सर्पदंशावरची प्रतिविषं आजही घोड्यांच्या रक्तापासून बनतात. शेतात साप चावलेल्या माणसाला ती मिळतात तेव्हा त्यामागे घोड्यांची रोज निगा राखणारा कुणीतरी पशुवैद्य असतो. या कामातून संवेदनशील माणसं बाहेर पडली तर प्राण्यांचं भलं होणार नाही. ती आत असायला हवीत, समितीच्या बैठकीत 'हे का?' असं विचारायला. तुम्हाला तरीही हे काम करवत नसेल तर सरळ सांगा. पेशी, स्लाइड, संगणकावरची माहिती यांवर अख्खं संशोधन उभं राहतं.

विद्यार्थ्याला लगेच प्राण्यांवर काम करू देतात का?

नाही आणि देऊही नये. मंजूर प्रकल्पात नाव आणि प्रशिक्षण असल्याशिवाय हात लावता येत नाही. सुरुवातीला पिपेट धरायला शिकता, माध्यम बनवता, मेणात बसवलेल्या ऊतकांच्या ठोकळ्यांच्या पातळ चकत्या कापून स्लाइड रंगवता. पहिल्या स्लाइडवर माझी चकती चुरगळलेली आली. मायक्रोटोमची, म्हणजे चकत्या कापणाऱ्या यंत्राची, पाती, ठोकळ्याचा गारवा, कोमट पाण्यावर तरंगणारी चकती अलगद उचलणं, हे सगळं हातात बसायला वेळ लागतोच. सीनिअर दीदी-दादांच्या शेजारी बसा. त्यांच्या हाताकडे बघून जेवढं कळतं तेवढं प्रोटोकॉल वाचून कळत नाही.

अर्ज कुठे आणि कसा करायचा?

देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, साधारण दोन महिन्यांची. अर्ज आदल्या वर्षाच्या शेवटी शेवटी मागवतात, म्हणून तेव्हापासून लक्ष ठेवा. पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, राष्ट्रीय विषाणू संस्था आणि आयसर, खारघरला टाटाचं कर्करोग संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक, परळला हाफकिन, अशा ठिकाणी विद्यार्थी घेतात की नाही ते प्रत्येकाच्या वेबसाइटवर बघून थेट शास्त्रज्ञांना लिहा.

मेल लहान ठेवा. त्यांचा एक शोधनिबंध खरोखर वाचा आणि त्यातलं काय कळलं, कुठे अडलं ते चार ओळींत लिहा. पशुवैद्यक शिकत असल्याचं ठळक सांगा. शरीररचना, रोग आणि जनावर हाताळणं जाणणारा विद्यार्थी अशा प्रयोगशाळांना क्वचित मिळतो. तारखा स्पष्ट द्या, कारण आपल्या परीक्षा आणि बी.एस्सी.च्या सुट्ट्या जुळत नाहीत. पन्नास जणांना एकच मेल पाठवू नका, ते लगेच ओळखू येतं. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण करा.

वहीत काय लिहायचं?

जे दिसलं ते आणि जे वाटलं ते वेगवेगळं. 'गाय सुस्त' असं लिहू नका. 'हाक मारल्यावर कान हलले नाहीत, पुढ्यातला घास घेतला नाही' असं लिहा. तारीख, वेळ, औषधाचं नाव, मात्रा, बॅच क्रमांक. शाईने लिहा, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहा, पान फाडू नका. पशुपालकाचं नाव आणि फोन स्वतःच्या वहीत नको.

जनावर दगावलं की फार त्रास होतो. हे काम जमेल का?

त्रास होतो म्हणून जमणार नाही असं नाही. पहिली गाय डोळ्यांदेखत गेली तेव्हा मी रात्री जेवले नव्हते. सरांनी दुसऱ्या दिवशी शवविच्छेदनाला उभं केलं. जाळीपोटातून, म्हणजे पोटाच्या हृदयाजवळच्या कप्प्यातून, निघालेली तार हृदयाच्या आवरणात शिरलेली होती. कुट्टीबरोबर पोटात गेलेली. त्या घरी जाऊन आम्ही सांगितलं की तुमच्या हयगयीने गेली नाही आणि कुट्टीत तार येऊ नये म्हणून काय करायचं. कारण कळलं की दुःख जात नाही, पण त्या घरातली पुढची गाय वाचू शकते. झोप उडत असेल, कशात मन लागत नसेल, तर एकट्याने सोसू नका. शिक्षकांशी बोला, समुपदेशकाकडे जा.

माझी भाची अमेरिकेत असते. तिथे कसं असतं?

तिथे बहुतेक जण आधी पदवी घेतात आणि मग चार वर्षांचा डी.व्ही.एम. हा पशुवैद्यकाचा अभ्यासक्रम करतात. अर्जात पशुवैद्याच्या देखरेखीखाली केलेलं काम आणि नुसता प्राण्यांचा अनुभव हे वेगवेगळे मांडावे लागतात आणि संशोधनाचा अनुभवही विचारात घेतात. म्हणून तिने शाळेपासूनच तासांची नोंद ठेवलेली बरी. डी.व्ही.एम.ला असताना उन्हाळ्यात संशोधन करायला मिळेल अशा योजनाही तिथे आहेत.

पुढे नोकरीचं काय?

एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी, स्वतःची प्रॅक्टिस, दूधसंघ, कोंबडी आणि लस उद्योग हे माहीत असलेले रस्ते. संशोधनाकडे वळायचं तर एम.व्ही.एस्सी. करून पॅथॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, औषधशास्त्र असे विषय घेता येतात. औषध कंपन्यांना विषचाचणीच्या स्लाइड वाचणारे पॅथॉलॉजिस्ट लागतात आणि प्रत्येक अ‍ॅनिमल हाऊसला पशुवैद्य लागतोच.

सुट्टीत घरी शेतीची कामं असतात. दोन महिने शहरात राहणं परवडत नाही. मग?

मग आपल्याच गोठ्यातून सुरू करा. कॉलेजातल्या एखाद्या प्राध्यापकांना विचारून कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्टचं साहित्य घ्या. चार कप्प्यांची पांढरी थाळी आणि जांभळं द्रावण, एवढंच असतं. प्रत्येक सडाच्या पहिल्या धारा टाकून द्या, मग एकेका कप्प्यात एकेका सडाचं दूध घ्या, तेवढंच द्रावण घाला आणि थाळी गोल फिरवा. दुधात पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतील तर मिश्रण घट्ट, लिबलिबीत होतं. कास वरून अगदी चांगली दिसत असताना आत कासदाह सुरू झालेला असतो, तो असा सापडतो. घरच्या आणि शेजारच्या गाईंचं, त्यांच्या मालकांना विचारून, दर आठवड्याला सडागणिक लिहीत जा: कितवं वेत, धार कोण काढतं, कास कशाने धुतात, गोठ्यात ओल आहे का. सुट्टी संपल्यावर ती वही प्राध्यापकांपुढे ठेवा आणि नमुना कसा निवडायचा, आकडे कसे तपासायचे ते त्यांच्याकडून शिका. ज्या सडांत दोष दिसला त्या गाईंची नावं मात्र त्याच दिवशी गावातल्या डॉक्टरांना कळवा.